चुलीवरची त्राटिका

निघायच्या दिवशी सकाळी आबा, माझे वडील, मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबवलं. "हितनंच पाया पड, बाय," म्हणाले. आत चुलीच्या बरोबर वर, आढ्याला सुंभाच्या दोरीने बांधलेली आमची त्राटिका, राक्षसिणीचा लाकडी मुखवटा, लटकत होती, काजळीने इतकी काळी की नाक कुठे आणि दात कुठे हे माहीत असणाऱ्यालाच दिसावं. लग्नाला दीड महिना झाला होता. नवऱ्याने दोह्याहून व्हिसा पाठवला होता आणि बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी लांबूनच हात जोडले. माझा धाकटा भाऊ सुदाम आत गेला आणि माझ्या नावाचा नारळ त्याने तिच्यासमोर धरला. माझा नारळ, माझा प्रवास, पण धरायला हात मात्र त्याचा. आई तिच्याच खाली बसून माझ्यासाठी वाटेतल्या भाकऱ्या बांधत होती. जन्मभर ती त्या मुखवट्याखाली भाकऱ्या थापत आली, पण हात वर करून कधी त्याला लावला नाही.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव जव्हार-मोखाड्याकडचं. होळी झाली की तिकडे गावोगाव बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचत येतात. कुठलं सोंग कुणाच्या घरचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. त्राटिका आमच्या घरची. आमच्या गावात शेत विकता येतं, सोंग विकता येत नाही. पण ते जाऊ शकतं. ज्या घराला आपलं सोंग उभं करता आलं नाही, त्याचा मान गाव दुसऱ्या घराला देऊन टाकतं, आणि दिलेला मान परत मागायची सोय नाही. आमचा मुखवटा आबांच्या आजोबांनी उंबराच्या लाकडात कोरलेला. त्यांना एका डोळ्याने कमी दिसायचं, म्हणून त्राटिकेचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर आहे. असा वाकडा डोळा दुसऱ्या कुठल्या गावात नाही, हे आबा पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

आणि बाईने तिला हात लावायचा नाही. राक्षसीण बाई, तिचं सोंग नाचवणारा पुरुष, आणि बाईचा हात लागला की विटाळ. लहानपणी मी याचं कारण विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "रीत हाये." मी डोक्याने गरम. कोपऱ्यात बसून ठरवलं होतं, एक दिवस या रीतीला बघून घेईन. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या रागातही आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दोह्यात अल सद्द भागात आमचा फ्लॅट. खिडक्या उघडत नाहीत असं नाही, पण उघडायच्या नसतात. उन्हाळ्यात भट्टी आत येते आणि एरवी धूळ. नवऱ्याचं कामच एसी देखभालीचं, त्यामुळे थंड हवेला आमच्या घरात देवासारखा मान. पहिली काही वर्षं मी त्या थंड हवेत बसून काढली. मुलगी शाळेत जायला लागली आणि माझी बीएस्सी केमिस्ट्रीची डिग्री ट्रंकेतून बाहेर निघाली. इथल्या एका संग्रहालयाच्या भांडारात मला कलेक्शन असिस्टंटची नोकरी लागली. काम असं, की आलेली वस्तू खोक्यातून काढायची, नंबर द्यायचा, फोटो घ्यायचे आणि तिच्या तब्येतीचा कागद भरायचा. कुठे तडा, कुठे डाग, कुठे कीड. पहिल्याच आठवड्यात पश्चिम आफ्रिकेच्या संग्रहातला एक लाकडी मुखवटा माझ्यापुढे धरला गेला आणि माझे हात आपोआप मागे गेले. संवर्धन विभागाची प्रमुख मार्ता, पोर्तुगालची बाई, हसली. तिला वाटलं मी किमतीला घाबरले. तिने माझ्या हातांत ग्लव्ह्ज चढवले आणि तो मुखवटा माझ्या तळव्यांवर ठेवला.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं. घरी ज्याला हात लावायची मुभा नव्हती त्याचे दहा भाऊबंद मी रोज हाताळत होते. इजिप्तचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत खोकी उतरवायचा आणि मी त्यातून एकेक देव बाहेर काढायचे. लाकडाची नवी वस्तू आली की ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात, आतली हवा काढून टाकतात, म्हणजे लाकडातली कीड गुदमरून मरते. मग थंड, कोरड्या खोलीत ठेवतात. मी हे सगळं भराभर शिकले. शिकले म्हणजे काय करायचं ते पाठ केलं. का आणि कुठे, हे विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी आमच्या त्राटिकेकडे नोकरीवरच्या डोळ्यांनी पाहिलं. काजळी, जळमटं, एका नाकपुडीत कोळ्याचं घर. एवढ्या वर्षांच्या लाकडाला किडीचं एकही भोक नव्हतं. तेही मला दिसलं. का नाही, हा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला नाही. मी ओट्यावर बसून आबांना, सुदामला आणि जमलेल्या आळीला भाषण दिलं. तिकडे मुखवट्यांसाठी वेगळी खोली असते, त्यांना माणसांपेक्षा चांगली हवा मिळते, आणि आपण मात्र पणजोबांनी कोरलेली वस्तू धुरात कोंडतो. आळी माना डोलावत होती. परदेशातून आलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी मध्ये तोडत नाही. आबा म्हणाले, "तिची जागा तीच हाये." कारण त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या वडिलांनी तिथे टांगली, त्यांनीही टांगली. मी हट्टाला पेटले. शेवटी ते म्हणाले, "तू शिकलेली. तू सांगतीस तर करू."

सुदामने तिला खाली उतरवली. मी मोरीपासून चार हात लांब उभी राहून सूचना देत होते, कानामागे घास, दातांच्या फटीत ब्रश घाल. भांड्याच्या साबणाचं पाणी काळंकुट्ट वाहत होतं आणि हळूहळू खालून लाल रंग वर आला. आळी बघत राहिली. आबांच्या चेहऱ्यावरही हसू आलं. "लई वर्षांनी दिसली अशी," म्हणाले. एक दुपार उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि माझं विमान चुकवणं शक्य नव्हतं. रजयांसाठी मिळते ना, हवा काढायची मोठी पिशवी, ती मी दोह्याहूनच घेऊन गेले होते. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या, छोट्या पंपाने हवा काढली, वर चिकटपट्टी, आणि ती पिशवी माळ्यावरच्या लोखंडी पेटीत गेली. मी सुदामला बजावलं, मी सांगेपर्यंत उघडायची नाही. मला वाटलं, हात न लावताही मी तिला वाचवलं.

सप्टेंबरात आमच्या भांडारात एक छोटा मुखवटा आला. तळहातात मावेल एवढा, अंगावर बांधायचा दागिनाच म्हणा ना. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेवरच्या डोंगराळ गावांमधला. अरुंद मिटलेले डोळे, पुढे आलेले ओठ, कडेला दोरा ओवायला भोकं, आणि सगळ्यावर एक काळा, तेलकट थर. सोबतच्या कागदात लिहिलं होतं की गावाबाहेर जाणारा माणूस घरच्या मोठ्या मुखवट्याची अशी लहान आवृत्ती जवळ बाळगायचा. परमुलखात कुणी विचारलं तर ती दाखवून सांगायचा की मी अमक्या घरचा. मी वाचून मनात म्हटलं, बरं आहे तुमचं. आम्हाला वाटेत दाखवायला लोणच्याची बरणी, तीही कस्टमवाले काढून घेतात.

तब्येतीच्या कागदावर मी लिहिलं, पृष्ठभागावर काजळीचा थर, साफसफाई आवश्यक. मार्ताने सगळ्यांसमोर ती ओळ खोडली. तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. ही घाण नाही. या वस्तू चुलीच्या वर, छपराच्या लाकडांत ठेवत असत. धुराने लाकूड कोरडं राहतं आणि धूर बसलेल्या लाकडाला कीड तोंड लावत नाही. दमट मुलखात लाकूड शंभर वर्षं टिकलं असेल तर ते या काळ्या थरामुळे. हा काढलात आणि वर ओलसर हवेत प्लॅस्टिकमध्ये बांधलंत, तर एका पावसाळ्यात बुरशी आणि कीड मिळून त्याचा भुगा करतील. ती पुढच्या वस्तूकडे वळली. मी पेन हातात धरून तशीच उभी होते.

आता जे सांगायचं आहे ते आजवर नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मी गावी फोन केला नाही. गणपतीचे दिवस होते, सुदाम घरी होता, पेटी माळ्यावर होती. "उघड" एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण उघड म्हटलं की का, हे आलं. का म्हटलं की आळीसमोर दिलेलं भाषण आलं, आबांचं "तिची जागा तीच हाये" आलं, आणि शिकलेली मी चुकले, न शिकलेले तुम्ही बरोबर होतात, हे आलं. ते माझ्या जिभेवर येईना. मी स्वतःची समजूत घातली की आत सिलिका आहे, काही होणार नाही. पुढच्या शुक्रवारच्या फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, पिशवी नीट आहे ना? सुदाम म्हणाला, "वर हाये ताई. तू सांगितलंस तशीच." त्यानंतर मी विचारायचंही सोडलं. सहा महिने गप्प बसायला फार कष्ट पडत नाहीत, हे मला त्या वर्षी कळलं.

तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून आलात त्यांना विचारते, तुम्ही असे सल्ले पाठवले नाहीत? आमच्या मजल्यावर रायगडकडचे एक शेजारी आहेत. त्यांनी हौसेने गावच्या घराची शेणाने सारवलेली जमीन उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे वडील ओल्या पायांनी घसरले आणि कंबर मोडून घेतली. कुणी आईची जुनी भांडी मोडीत घातली, कुणी अंगणातलं झाड तोडायला लावलं कारण पानं पडतात. आपण जवळ नसतो. आपल्याकडे द्यायला वेळ नसतो, हात नसतात, मग उरतो सल्ला. आणि मागे राहिलेली माणसं तो झेलतात, कारण नाही म्हटलं तर आपण आणखी लांब जाऊ असं त्यांना वाटतं. माझं काय चुकलं ते मी मोठ्याने सांगते आहे, तुमचं तुम्ही बघा.

होळीच्या आधी मुखवटे रंगवायला काढतात. सुदामने पेटी उघडली आणि मला फोटो पाठवला. पिशवीच्या आत घाम धरल्यासारखं पाणी होतं, पांढरी-हिरवी बुरशी होती, आणि तळाला पिवळी भुकटी. बाहेर काढताना नाक त्याच्या हातात आलं. वरचा डोळा होता त्या जागी बोट आरपार जात होतं. गावाने पाच दिवस वाट पाहिली. नवा मुखवटा कोरायला कुणाचा हात चालत नव्हता आणि वेळही नव्हता. सहाव्या दिवशी त्राटिका वरच्या आळीतल्या एका घराला दिली गेली. त्यांनी नाशिकहून फायबरचा मुखवटा आणला. दोन्ही डोळे एका रेषेत.

मी तातडीची रजा काढून पाच दिवसांसाठी गेले. आबा बोहाड्याला गेले होते आणि जन्मात पहिल्यांदा बघ्यांच्या रांगेत बसले होते, हे मला आईने सांगितलं. दुपारी आबांनी कापडात बांधलेले तुकडे आणले आणि माझ्यापुढे धरले. मी सवयीने मागे सरले. ते म्हणाले, "धर आता. आता काय नाय त्यात." मी ओंजळ पुढे केली. बिनाग्लव्ह्जची. भाजलेल्या पापडापेक्षा जड नव्हते ते तुकडे. लहानपणापासून ज्याची हाव धरली होती ते मला मिळालं, आणि मला स्वतःचा इतका किळसवाणा राग आला, की मी रडूही शकले नाही. आबांना वाटलं मी त्यांच्यासाठी कष्टी झाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाय बाय. तू चांगल्यासाठीच सांगितलंस. पाऊसच वंगाळ झाला औंदा." मी मान डोलावली. त्या तुकड्यांचं संध्याकाळी नदीत विसर्जन केलं आणि मी परत आले.

इथे तोपर्यंत प्रदर्शन उघडलं होतं. तो छोटा मुखवटा काचेत, त्याच्यावर मंद दिवा, खाली पाटी. कलाकार अज्ञात. आमच्या त्राटिकेचा कलाकार अख्ख्या गावाला माहीत होता, त्याच्या अधू डोळ्यासकट. त्या दालनात घानाचा एक सुरक्षारक्षक उभा असतो. येणारे-जाणारे त्यालाच मुखवट्यांचं विचारतात आणि तो सांगून सांगून थकलेला, की मी अक्राचा, शहरातला, हे माझ्या देशाचंही नाही. मला योगासनांचं विचारतात तसंच ते. मी त्याला एकदा धुराचं सांगितलं, मार्ताकडून शिकलेलं. तो म्हणाला, "ते तर सगळ्यांना माहीत असतं, मॅडम. माझी आजी बियाणंसुद्धा चुलीवर टांगायची." माझ्या आईनेही टांगलेलं असायचं, वालाचं आणि काकडीचं. मी रोज बघत होते.

पुढच्या एका शुक्रवारी आई फोनवर सहज बोलून गेली की आबांनी आळीत भांडण काढलं आहे. चुलत्यांपैकी कुणी तरी म्हणालं, पोरीनं परदेशी अक्कल चालवली नि घराचं सोंग घालवलं. आबा त्यांच्यावर काठी घेऊन धावले. माझ्या पोरीला बोलायचं नाही, तिला ठाऊक असतं तर तिनं सांगितलं नसतं का, असं म्हणाले. आता अर्ध्या आळीशी त्यांचं बोलणं बंद आहे, देवळाच्या पारावरही जात नाहीत. आई हे मला सांगत होती ते कौतुकाने, बाप लेकीसाठी कसा उभा राहतो म्हणून. मी म्हटलं, आबांना फोन दे.

आणि मी सांगितलं. सगळं, सरळ. मार्ताचं, काजळीचं, गप्प बसल्याचं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"कंचा महिना व्हता?"

"सप्टेंबर, आबा. गणपतीत."

मग ते म्हणाले, "गणपतीत उघडली आसती तर वाचली आसती."

मी म्हटलं, हो. त्यांनी फोन आईकडे दिला. आईने विचारलं, जेवलीस का.

मला वाटलं होतं खरं सांगितलं की मन हलकं होतं. होत असेल एखाद्याचं. आबा आता पारावर जातात, आळीशी बोलतात, ते सुदामकडून कळतं. चुलत्याच्या घरी स्वतः जाऊन आले, म्हणे. फक्त माझ्याशी बोलत नाहीत. दर शुक्रवारी मी इथे अल सद्दच्या बंद खिडकीशी बसून फोन लावते. आई उचलते, पावसाचं, नाचणीचं, सुदामच्या लग्नाचं सांगते. मग मी विचारते, आबा आहेत का? ती म्हणते, शेतावर गेलेत. मुलगी शेजारी गृहपाठ करत असते, ती इंग्रजीत विचारते, आजोबा रोज या वेळेला शेतातच कसे? मी तिला गप्प राहायची खूण करते. कारण आईच्या आवाजामागे, अगदी जवळ, आबा खोकत असतात. खोकला थांबेपर्यंत मी काही ना काही विचारत राहते आणि मगच फोन ठेवते. सध्या माझं घर म्हणून जे काही उरलं आहे ते तेवढंच आहे.